‘बरोक’ ही संज्ञा आणि ख्रिस्तपुराणाची ओवी

अलंकारबहुल काव्याला ‘बरोक’ म्हणून मोकळे होण्याचा मोह मराठी समीक्षकाला होतो. वर्गात मोरोपंत शिकवताना प्रस्तुत लेखकालाही तो झाला आहे. परंतु ही संज्ञा अलंकारांच्या संख्येवर उभी नाही. वेड्यावाकड्या मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दापासून ती आली असे मानतात. तिला शिस्त लावली ती हाइनरिश व्योल्फलिनने, प्रथम १८८८ मध्ये वास्तुकलेच्या संदर्भात आणि पुढे १९१५ च्या ग्रंथातील पाच विरोधी जोड्यांतून. रेषा विरुद्ध छटा, समतल विरुद्ध खोली, बद्ध विरुद्ध मुक्त रूप, घटकांचे स्वातंत्र्य विरुद्ध एकाच सूत्राला त्यांचे शरण जाणे, पूर्ण विरुद्ध सापेक्ष स्पष्टता, अशा त्या जोड्या होत.

लिओनार्दोच्या मिलानमधील ‘अखेरच्या भोजना’त (१४९५–९८) मेज चित्रपृष्ठाला समांतर आहे, साऱ्या रेषा ख्रिस्ताच्या मस्तकाशी मिळतात आणि तिघातिघांचा प्रत्येक शिष्यगट स्वतंत्रपणेही पुरा वाटतो. टिंटोरेट्टोच्या व्हेनिसमधील त्याच विषयावरील चित्रात (१५९२–९४) मेज तिरके होऊन अंधारात शिरते. ख्रिस्त शोधावा लागतो, तोही प्रकाशाच्या आधाराने. टिंटोरेट्टोची गणना बहुधा मॅनरिस्टांत होते, तरी वाट कोठे निघाली हे येथे दिसते. आणि काराव्हाज्जोच्या ‘मत्तयाला पाचारण’ (१५९९–१६००) या चित्रात तर जवळजवळ उघडी भिंत आहे. अलंकार नाही, तरीही ते बरोकच!

हे स्थित्यंतर आपल्यापासून फार दूर घडले असेही नाही. देवगडहून जुन्या गोव्यास जाणाऱ्याला बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीचा जांभा घरचाच वाटतो. (हा उघडा जांभा मात्र फसवा आहे, गिलावा विसाव्या शतकात काढला गेला.) १५९४ ते १६०५ या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूचे मजले अभिजात स्तंभरचनेने शिस्तीत विभागलेले आहेत. आत मात्र सोनेरी वेदी सारी नजर एकाच ठिकाणी ओढून घेते. आणि १६९८ मध्ये बसवलेले, फोज्जिनीने घडवलेले झेवियरचे संगमरवरी स्मारक तर उघडउघड बरोक आहे.

फादर स्टीफन्स (१५४९–१६१९) याच जेझुइट संघाचा. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. काळ, संघ, ट्रेंट परिषदेनंतरचे धर्मवातावरण असा सारा परिसर बरोकचा. म्हणून काव्यही बरोक ठरते काय? केवळ शैलीच्या किंवा केवळ भावविश्वाच्या खुणांवर साहित्यातील बरोक ठरवता येत नाही, हे रेने वेलेक यांनी १९४६ मध्येच दाखवले होते.

माझ्या मते येथे ओवी आड येते. साडेतीन चरणांत ती आपले विधान पुरे करते, यमकाने बंद होते आणि मगच पुढच्या ओवीला वाट देते. ख्रिस्ताच्या यातनांच्या वर्णनात भाव कितीही उसळला, तरी तो ओवीओवीने वाढतो; एका तिरक्या झोताखाली सारे घटक विरघळत नाहीत. स्टीफन्सने पुराणाचा घाट स्वीकारला तेव्हा गुरू आणि श्रोते यांच्या प्रश्नोत्तरांची संथ चालही स्वीकारली. धर्मांतर साधण्यासाठी घेतलेल्या छंदाने कवीच्या दृष्टीलाच आपल्या वळणावर आणले. ‘प्रभाव’ या शब्दाने आपण नेहमी एकच दिशा सुचवतो, ती येथे उलटते.

मोरोपंतांच्या आर्येलाही हीच कसोटी लावून पाहावी. श्लेष, यमक, अनुप्रास यांची तेथे रेलचेल आहे. पण बहुतेक आर्या कुलूपबंद पेटीसारख्या आहेत, आणि व्योल्फलिनच्या जोड्यांत त्यांची जागा लिओनार्दोच्या मेजाजवळ पडते.