रजोनिवृत्ति आणि तिचें औषध

ज्या विषयावर आई पोटच्या मुलीशींही मोकळेपणें बोलत नाहीं, तो मासिकाच्या पानावर आणला म्हणून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. पडोत. पन्नाशीच्या सुमारास स्त्रियांचा मासिक ऋतु थांबतो. त्याबरोबर कित्येकींच्या अंगांत एकाएकीं उष्णतेच्या लाटा उसळतात, रात्रीं घामानें अंथरूण भिजतें, झोंप उडते. या त्रासावरील औषधाचा इतिहास शास्त्र, व्यापार आणि भीति या तिघांनीं मिळून घडविला आहे.

सुश्रुतानें ऋतूचा आरंभ बाराव्या वर्षीं व शेवट पन्नासाव्या वर्षीं सांगितला आहे. शरीर जरेनें पिकलें म्हणजे असें व्हावयाचेंच, हा त्याचा भाव. युरोपांत या अवस्थेस 'मेनोपॉज' हें नांव गार्दान नामक फ्रेंच वैद्यानें १८२१ सालीं दिलें. नांव मिळालें, पण उपाय मिळण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

१९२३ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनीं डुकरिणीच्या अंडाशयांतील द्रव अंडाशय काढलेल्या उंदरांस टोंचून त्यांचा लुप्त झालेला ऋतु परत आणला. १९२९ सालीं डॉइझीनें आणि स्वतंत्रपणें जर्मनींत बूटेनांट यानें त्यांतील सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें केलें. पुढें १९४२ सालीं 'प्रेमारिन' या गोळ्यांस अमेरिकेंत परवानगी मिळाली. त्या गाभण घोड्यांच्या मूत्रापासून होतात आणि त्यांचें नांवही त्याच इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलें आहे. घेणाऱ्या किती जणींस हें ठाऊक असेल कोण जाणे!

येथवर सारें सरळ होतें. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरानें 'फेमिनिन फॉरएव्हर' हें पुस्तक लिहून रजोनिवृत्ति म्हणजे मधुमेहासारखा उणिवेचा रोग असून गोळ्यांनीं तो टळतो, असा डंका पिटला. त्याच्या संस्थेस औषधें करणाऱ्या कंपन्यांचा पैसा मिळत असे, ही गोष्ट मागाहून उघड झाली. प्रौढ स्त्रीला मोडकी वस्तु ठरवून मग तिला दुरुस्तीचें साहित्य विकणें, या व्यवहारास आमच्या मतें वैद्यक म्हणतां येणार नाहीं. १९७५ सालीं दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले व एकट्या ईस्ट्रोजेननें गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनीं वाढतो, असें दिसून आलें. तेव्हां अस्तराच्या रक्षणार्थ प्रोजेस्टेरॉनच्या जातीचें दुसरें औषध जोडण्यांत आलें, आणि या गोळ्या हृदयासही तारतात असा समज पसरला.

तो समज पारखण्यासाठीं अमेरिकन सरकारनें मोठी चांचणी मांडली. जोडऔषधाच्या चांचणींत १६,६०८ स्त्रिया होत्या. जुलै १९०२ नव्हे, २००२ मध्यें, ती मुदतीपूर्वींच थांबविली गेली. अगदीं आपल्या डोळ्यांदेखतची ही गोष्ट. स्तनाचा कर्करोग शेंकडा २६ नीं वाढला, असे मथळे झळकले. आंकडा खरा होता. पण त्याचा अर्थ असा कीं, १०,००० स्त्रियांमागें वर्षाला ३० रोगी व्हावयाचे तेथें ३८ झाले. हृदयविकाराचे ७ व पक्षाघाताचे ८ रोगी वाढले. उलट मांडीच्या खुब्याचे अस्थिभंग ५ नीं घटले. शिवाय या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, म्हणजे बहुतेकींचा ऋतु थांबून दहा-बारा वर्षें लोटलेलीं. चांचणीनें विचारलें होतें, या औषधानें वृद्धापकाळचे रोग टळतात काय? त्याचें 'नाहीं' हें उत्तर पन्नाशींतील झोंप उडालेल्या स्त्रियांच्या गळ्यांत बांधलें गेलें. डॉक्टरांनीं हात आखडले, आणि लाखों स्त्रियांनीं गोळ्या सोडल्या. २००४ सालीं थांबविलेल्या, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवरील एकट्या ईस्ट्रोजेनच्या चांचणींत स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता, मात्र पक्षाघात वाढला होता. या बातमीकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

आतां तज्ज्ञांचें मत असें कीं, साठीच्या आंतील अथवा ऋतु थांबून दहा वर्षें न झालेल्या निरोगी स्त्रीस त्रास फार असेल, तर लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक. स्तनाचा कर्करोग झालेल्या वा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या स्त्रीची गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें या औषधांवरील हृदयविकार व स्तनकर्करोगाविषयींची ठळक चौकटींतील सूचना काढण्याचें जाहीर केलें. गर्भाशय असलेल्या स्त्रीनें एकटें ईस्ट्रोजेन घेण्याविषयींची, १९७५ सालच्या शोधांतून निघालेली सूचना मात्र त्यानें कायम ठेविली.