आधी यादी, मग जहाज

न्हावा-शेवाच्या धक्क्याला जहाज लागण्याच्या बरंच आधी त्याची यादी पोचलेली असते. कोणता कंटेनर, कोणाचा, आत काय, कुठे चढला, कुठे उतरणार. कस्टम्स, टर्मिनल, शिपिंग लाइन, कंटेनर फ्रेट स्टेशन (सीएफएस), ट्रेलरवाले आणि कस्टम्स ब्रोकर (वाशी-बेलापूरच्या कचेऱ्यांत त्यांना अजूनही ‘सीएचए’ म्हणतात) हे सगळे त्या यादीच्या भरवशावर कामाला लागतात. २६ मे १९८९ला हे बंदर सुरू झालं तेव्हा कस्टम्सचा सारा व्यवहार कागदावर होता. आज तीच माहिती एका संगणकातून दुसऱ्यात जाते. ती नेण्यासाठी कोणतं साधन घ्यावं, हा प्रश्न नवी मुंबईतल्या लहानमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपुढे रोज असतो. त्याचं मूळ शोधत गेलं, की आपण थेट १९४८च्या बर्लिनमध्ये पोचतो.

सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवल्यावर दोस्त राष्ट्रांनी विमानांनी कोळसा आणि धान्य पोचवायला सुरुवात केली. वर्षभरात २३ लाख टनांच्या आसपास माल गेला. अडचण विमानांइतकीच कागदांची होती. प्रत्येक देशाचा, प्रत्येक भाषेचा मालपत्रक लिहिण्याचा ढंग वेगळा. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक ठरीव मालपत्रक तयार केलं. ते टेलेक्सवर, रेडिओ-टेलिटाइपवर किंवा नुसत्या फोनवरूनही सांगता यायचं. या कुळकथेतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. साधनं तीन होती, पण रकाने तेच आणि त्यांचा क्रमही तोच. वाहून नेणारी तार बदलली तरी मजकूर बिघडत नव्हता.

पुढे गिल्बर्ट ड्यू पाँट या रसायन कंपनीत गेला आणि वाहतूकदारांशी मालाची माहिती याच पद्धतीने देवघेव करू लागला. १९६५मध्ये हॉलंड-अमेरिका लाइनने अटलांटिकपलीकडे मालपत्रकं टेलेक्सने धाडली आणि तिकडे ती संगणकात उतरवली गेली. १९८७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘एडिफॅक्ट’ ही जागतिक रचना मान्य झाली. तिच्यात अधिकचं चिन्ह, अपूर्णविराम आणि अवतरणचिन्ह यांनी रकाने वेगळे होतात. अनोळखी माणसाला तो मजकूर गचाळ वाटेल, पण बँडविड्थ महाग होती त्या काळात एकही अक्षर वाया न घालवणारी ही लिपी होती. बंदरांची नावंसुद्धा पाच अक्षरांत बसवली गेली. न्हावा-शेवा म्हणजे ‘आयएनएनएसए’. कंटेनरवरच्या चार अक्षरांमागून येणाऱ्या सात अंकांतला शेवटचा अंक तर केवळ पडताळणीसाठी असतो. आधीचं एखादं अक्षर वा अंक चुकला, तर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

भारतीय कस्टम्सची ‘आयसेस’ प्रणाली १९९५मध्ये दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि मग बंदरोबंदरी गेली. बाहेरच्या जगासाठी ‘आइसगेट’ हे तिचं दार. तिथेही बराच काळ साध्या मजकुराच्या फायली चालल्या.

दरम्यान जगात १९९८मध्ये माहितीला खुणा लावून लिहिणारं एक्सएमएल आलं, २०००मध्ये त्यावर बेतलेली ‘सोप’ ही संदेशपद्धत. त्याच वर्षी रॉय फिल्डिंगने आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ या वेबवरच्या देवघेवीच्या शैलीची मांडणी केली. व्यापाऱ्यांनी २००२च्या सुमारास इंटरनेटवरून फायली धाडण्याचं ‘एएस-२’ उचललं, कारण त्यात सही केलेली पोचपावती मिळते. ही पोच क्षुल्लक नाही. आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण, म्हणजे बिल ऑफ एंट्री, उशिरा भरलं, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो, असा २०१७चा नियम आहे. ‘आम्ही वेळेत धाडलं होतं’ हे नुसतं सांगून भागत नाही. साधन निवडताना वेगापेक्षा पोचेला जास्त वजन द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

खरी कसोटी मात्र दस्तऐवजांची. यादीतले रकाने सहज जातात. स्कॅन केलेलं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगमाचा दाखला यांचं काय? पहिली वाट म्हणजे चित्राची फाइल अक्षरांत बदलून संदेशाच्या पोटातच घालायची. त्याने तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. दुसरी वाट संदेशाला बाहेरून पुरवणी जोडायची. सोपमध्ये त्यासाठी आधी एक पद्धत निघाली, मग २००५मध्ये ‘एमटॉम’ प्रमाणित झालं. पण दोन्ही टोकांची सॉफ्टवेअरं ते सारखंच वाचतील तरच उपयोग.

आपल्या कस्टम्सने २०१८मध्ये ‘ई-संचित’ देशभर लागू करताना तिसरी वाट धरली. डिजिटल सही केलेली पीडीएफ आधी एकदाच चढवायची, तिचा संदर्भ क्रमांक घ्यायचा आणि बिल ऑफ एंट्रीत फक्त तो क्रमांक लिहायचा. जड वस्तू सामानघरात ठेवून हातात बिल्ला घेऊन फिरावं तसं. संदेश हलका राहतो. नेटवर्क रखडलं तर अख्खं ओझं पुन्हा धाडावं लागत नाही. दोन माणसांच्या कचेरीतही हे चालतं, आणि म्हणून मला ही निवड शहाणपणाची वाटते.

त्याच २०१८मध्ये सागरी मालपत्रकाचे नवे नियम आले आणि त्यांचे संदेश जेसन या नव्या, सुटसुटीत मांडणीत ठरले. आता एक्सएमएल जुनं, एडिफॅक्ट त्याहून जुनं, असा समज तरुण प्रोग्रामरांत दिसतो. प्रत्यक्षात जहाजावर कोणता कंटेनर कुठल्या रांगेत, कुठल्या थरावर आहे हे सांगणारा ‘बॅपली’ संदेश आजही एडिफॅक्टमध्येच फिरतो, कारण जगभरच्या शिपिंग लाइन्स आणि टर्मिनलं तेच बोलतात.

जून २०१७मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क कंपनीची यंत्रणा पाडली, तेव्हा इथलं तिचं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या, माल जागेवर होता. हरवली होती ती माहिती. सारी देवघेव एकाच दोरीवर टांगू नये, हे तेव्हा कळलं. टेलेक्स बंद पडला तर फोन, ही बर्लिनची सोय आपल्या नव्या प्रणालींतही हवी.

सप्टेंबर २०२२मध्ये ‘युलिप’ आलं. वाहनं, रेल्वे, कस्टम्स, बंदरं अशा सरकारी प्रणालींतली माहिती ते एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामला विचारण्याच्या ठरीव सोयीने, एकत्र देतं. तरीही वाशीतल्या एखाद्या कंपनीला आज एकाच प्रोग्राममध्ये कस्टम्ससाठी जेसन, जहाजासाठी एडिफॅक्ट आणि परदेशी ग्राहकासाठी एएस-२ ठेवावं लागतं. तिथे आवडीच्या साधनापासून सुरुवात करणारे अडकतात. आधी पलीकडच्या टोकाची कचेरी काय वाचू शकते ते विचारावं, मग रकाने ठरवावेत, मग पोच, आणि साधनाचं नाव त्यानंतर.