पिसाळलेल्या कुत्र्याची वंशावळ

कंधारकडच्या आमच्या आजोळी कुणाला कुत्रं चावलं की जखम नंतर, आधी एकच प्रश्न: ‘पिसाळलेलं होतं का?’ उत्तर ‘हो’ आलं की जखमेवर मिरचीपूड, मग नांदेड आणि बेंबीभोवती चौदा सुया. त्या सुयांतली लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे. डेव्हिड सेंपल यांनी ती १९११ मध्ये कसौलीत तयार केली आणि आपल्याकडे ती २००४ पर्यंत चालली. मेंदूच्या रोगावर दुसऱ्या जनावराचा मेंदू! क्वचित एखाद्याला त्यातूनच लकवा होई, म्हणून पोरं कुत्र्यापेक्षा सुयांना जास्त भीत.

हे सगळं मला आठवलं ते भलत्याच ठिकाणी. मेंदूतल्या कोणत्या पेशीला कोणती पेशी जोडलेली आहे हे शोधण्याच्या पद्धतींवर वाचत होतो. पेशी हिरव्या चमकवणाऱ्या एका विषाणूचं नाव तिथे आलं: एसएडी बी-१९. एसएडी म्हणजे स्ट्रीट-अलाबामा-डफरिन. यातला ‘स्ट्रीट’ म्हणजे रस्त्यावरचा, रेबीजच्या भाषेत खऱ्या पिसाळलेल्या जनावरातून घेतलेला. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात एका कुत्र्यातून तो मिळवला. म्हणजे आजच्या झळाळत्या प्रयोगशाळांमधल्या या हत्याराचा मूळ पुरुष एक पिसाळलेलं कुत्रं आहे.

मधल्या पिढ्या भराभर सांगतो. तो उंदरांच्या मेंदूत आणि हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून सौम्य केला गेला, जर्मनीत कोल्ह्यांना आमिषातून देण्याची लस झाला. १९९४ मध्ये कोन्झेलमान यांच्या गटाने रेबीजचा विषाणू डीएनएच्या प्रतीवरून नव्याने घडवून दाखवला, आणि तेव्हापासून त्याच्यात हवी ती काटछाट करता येऊ लागली. २००७ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटमध्ये विकरशॅम आणि कॅलवे यांनी त्याला मेंदूच्या कामाला जुंपलं.

काटछाट मात्र ऐकण्यासारखी आहे. रेबीजच्या विषाणूची जनुकं पाचच. त्यातलं ‘जी’ हे जनुक त्याच्या अंगावरचं आवरण-प्रथिन बनवतं. त्याच्याशिवाय त्याला पुढच्या पेशीत शिरता येत नाही. शास्त्रज्ञांनी ते काढून जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन बसवलं. मग ठरावीक पेशींनाच ‘जी’ वेगळं पुरवलं. विषाणू तिथून मागच्या, म्हणजे त्या पेशीला संदेश धाडणाऱ्या पेशींत जातो, त्यांना हिरवं करतो. पण तिथे ‘जी’ नाही, म्हणून थांबतो. एसटीचं एका टप्प्याचं तिकीट. सुरुवात कुठून करायची तेही आधीच ठरलेलं: विषाणूला पक्ष्यांच्या एका विषाणूचा अंगरखा घालतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्या अंगरख्याला दारच नसतं, म्हणून निवडलेल्या पेशींनाच ते दार बसवून देतात.

आता माझा खरा विषय: पिसाळणे.

‘पिसे’ म्हणजे वेड. तेराव्या शतकातले महानुभाव संत गोविंदप्रभू लोकांच्या लेखी पिसेच होते. हा शब्द पिशाचातून आला असं मी मानतो, आणि माझा साक्षीदार बाराव्या शतकातला हेमचंद्र आहे. त्याच्या प्राकृत व्याकरणात पिशाचाचं रूप ‘पिसल्ल’ दिलंय. पिसल्ल, पिसाळ, संपलं, असं मला वाटलं. पण प्राकृतातला जोड ‘ल्ल’ मराठीत येताना ‘ल’ होतो, ‘ळ’ नव्हे. ‘भल्ल’चं भला झालं, भळा नाही. या अडचणीने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. शेवटी तोडगा साधा निघाला: ‘पिसे’ला रसाळ, केसाळ, खडकाळमधला ‘आळ’ जोडा. मूळ तेच राहतं, फक्त वाट बदलते.

प्रतिस्पर्धी आहेत. एक मित्र पिसवांवर अडून बसला: पिसवांनी हैराण झालेलं कुत्रं ते पिसाळलेलं. ऐकायला गोड, पण मग गावातली सगळी कुत्री बारा महिने पिसाळलेली म्हणावी लागतील. दुसरा पत्ते पिसण्यावरून आला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

वैद्यांनी मात्र पिशाचाला हात लावला नाही. सुश्रुताने पिसाळलेल्या जनावराचं विष अलर्काच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या, नावावर मांडलं, रोग्याला वाटणारी पाण्याची भीतीही नोंदवली. म्हणजे वैद्यांचं ‘विष’ आणि लोकांचं ‘पिशाच’ असे दोन पक्ष. आजचं ‘विषाणू’ वैद्यांकडून आहे. लॅटिन ‘व्हायरस’ही विषाचाच सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे भाषांतर करताना आपण पाहुण्याला त्याच्याच घरी आणून सोडलं.

माझं मत लोकांच्या बाजूने. विष जितकं पसरेल तितकं पातळ होतं. मेंदूत घातलेल्या साध्या रंगाचं तेच होतं: एका पेशीतून दुसरीत गेला की फिका, तिसरीत गायब. विषाणू जिथे पोचतो तिथे स्वतःच्या नव्या प्रती काढतो, म्हणून पुढची पेशी पहिलीइतकीच ठळक दिसते. हत्यार म्हणून त्याची सगळी किंमत यातच आहे, आणि ते वागणं विषाचं नाही, झाडाला धरणाऱ्या पिशाचाचं आहे. आमच्या जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते आणि माहूरला दत्त आहे. वाघ्या देवाचं कुत्रं होऊन भुंकतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. कुत्र्यात कुणी शिरतं ही कल्पना इथे परकी नाही. हा पुरावा लंगडा आहे, तरी मी तो सोडणार नाही.

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला पशुवैद्यकी शिकलेल्या एका मित्राला हे ऐकवलं. तो म्हणाला, ‘आम्हाला पुस्तकात शिकवलेलं, निग्रीचे ठिपके अमनच्या शिंगात शोधा.’ निग्रीचे ठिपके म्हणजे मेंदूपेशीत दिसणारी रेबीजची खूण; अमनचं शिंग म्हणजे हिप्पोकॅम्पस, मेंदूतला वळणदार भाग. आणि संस्कृतात शिंगाला काय म्हणतात? विषाण! विषाणू विषाणात सापडतो. व्युत्पत्ती म्हणून शून्य. पण मी अर्धा तास हसत होतो.

त्या निग्रीनेच मला शेवटचा धागा दिला. आदेल्की निग्री यांनी १९०३ मध्ये ते ठिपके पाहिले ते इटलीतल्या पाव्हियात, कामिल्लो गोल्जी यांच्या प्रयोगशाळेत. गोल्जी म्हणजे १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच मेंदूपेशी काळ्या करून दाखवणारे. अख्खी पेशी फांद्यांसकट पहिल्यांदा नीट दिसली ती त्या रंगात. मेंदूपेशी रंगवण्याची कला आणि मेंदूपेशीतली रेबीजची खूण, दोन्हींच्या मागे गोल्जीच. निग्रींना ते ठिपके आदिजीव वाटले, ते चुकलं. दोन्ही धागे एकत्र यायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली.

‘जी’ काढलेला हा विषाणू हाताळणाऱ्यांनाही अनेक प्रयोगशाळांत आधी रेबीजची लस टोचतात. आता दंडात, आणि दोन-तीनच.