दवंडी, नोंदवही आणि पत्ता

धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे सोनगीर गाव आहे. तिथे पाठवायच्या पत्रावर आपण 'मु. पो. सोनगीर, ता. जि. धुळे, महाराष्ट्र' असे लिहितो. पत्र पोचवणारा मात्र हा पत्ता शेवटाकडून वाचतो: आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. मुंबईच्या कचेरीला सोनगीरची गल्ली ठाऊक असावी लागत नाही. संगणकांच्या नावांना ही रीत बऱ्याच उशिरा लागली.

अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावरील सगळ्या संगणकांची नावे सुरुवातीला एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. जाळे वाढले तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. तिच्यात नावांना झाडासारख्या फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीची नोंद ज्याची त्याने ठेवायची असते. भारताची '.इन' ही फांदी १९८९ मध्ये सोपवली गेली. तिची नोंद मुंबईत जुहू येथील एनसीएसटी ही संस्था पुढे बरीच वर्षे ठेवत होती. २००५ पासून ते काम निक्सीकडे आले.

कचेऱ्यांमधल्या जाळ्यांनी मात्र वेगळी वाट धरली होती. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीच्या जगात संगणकाचे नाव फार तर पंधरा अक्षरांचे आणि सुटे; त्याला ना तालुका, ना जिल्हा. एखादा संगणक हवा असला की चक्क दवंडी पिटली जाई: 'अमुक कोण आहे?' दवंडी वेशीपर्यंतच ऐकू येते, तशी ही हाकही सहसा राउटरपलीकडे जात नसे. म्हणून 'विन्स' नावाची नोंदवही ठेवावी लागे. एका मुख्य सर्व्हरवर सर्वांची खाती असलेल्या अशा गटाला 'डोमेन' म्हणत. डीएनएसमधल्या डोमेनशी त्याचा काही संबंध नव्हता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पुढे पुष्कळांना भोवले.

कारण फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आले आणि त्यातल्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीने हे दोन्ही अर्थ एक केले. आता लॉग-ऑन करणारा संगणक डीएनएसलाच विचारू लागला, 'या डोमेनचा सर्व्हर कुठे बसतो?' याचे उत्तर 'एसआरव्ही' नावाच्या नोंदीत असते. म्हणजे जुने डोमेन नव्यात नेताना आधी डीएनएस उभी करायची, मग मुख्य सर्व्हर बदलायचा.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हे उलटे केले. सर्व्हरला डीएनएस म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा पत्ता दिला. गंमत अशी की विंडोज ९८ ची जुनी यंत्रे झटकन आत शिरत, कारण ती जुन्याच रीतीने हाका मारत होती. नवी यंत्रे मात्र कित्येक मिनिटे ताटकळत. दोन दिवस आम्ही तारा तपासत बसलो! बाहेरच्या डीएनएसला आमच्या घरातल्या नोंदी कशा ठाऊक असणार? सर्व यंत्रांना आमच्याच सर्व्हरचा पत्ता दिला, तेव्हा ते सुरळीत झाले.

नावाची गोष्ट याहून बिकट होती. जुन्या कागदांवर सोनगीरचा जिल्हा 'पश्चिम खानदेश' आहे. आज तो धुळे आहे, आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा झाला. गावाला त्याने फारशी तोशीस पडली नाही. विंडोज २००० मध्ये मात्र एकदा पूर्ण नव्या पद्धतीवर गेलेल्या डोमेनचे नाव बदलण्याची सोयच नव्हती. ती २००३ च्या आवृत्तीत आली, आणि तीही किचकट. घाईत 'ऑफिस' असे एका शब्दाचे नाव देणाऱ्यांना ते बराच काळ बाळगावे लागले.