कानाने ओळखलेल्या गाड्या

आमच्या घरात यामाहाचा इतिहास उलटा सांगितला जायचा. मामाच्या गोष्टीत आधी यायची आरएक्स 100, मग तिच्या मागची राजदूत 350, आणि तिच्याही मागे, दूर जपानात, आम्ही कुणीच न पाहिलेली एक तांबडी गाडी. त्या गाडीच्या मागे काय होतं हे मामाला ठाऊक नव्हतं. ते मला फार नंतर वाचनात सापडलं. तिथे गाडी नव्हतीच. एक बिघडलेला ऑर्गन होता.

मामाचं गॅरेज सांगली-मिरज रस्त्याला. आजोबा, म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, तरुणपणी नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवायचे. बोलपट आले, मंडळ्या एकेक करून बसल्या, तेव्हा त्यांनी पेट्या आणि ऑर्गन दुरुस्तीचं काम धरलं. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत त्यांचं जाणं-येणं असे. पोराने मात्र पाना हातात घेतला. त्यावरून घरात बरंच बोलणं झालं होतं म्हणे, पण मला आठवतात ते आजोबा दुपारची झोप सोडून गॅरेजच्या फळीवर येऊन बसणारे. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता सांगायचे, "एका बाजूने खोकतेय बघ ती." मामा म्हणायचा, "आप्पा, तिचा प्लग गेलाय." दोघांचं निदान एकच असे, भाषा आपापली.

आरएक्स 100 आली 1985 मध्ये. तो काळच जपानी गाड्यांचा होता. आदल्या वर्षी सुझुकी आली होती, होंडा त्याच वर्षी, कावासाकी पुढच्या. तोवर आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बुलेट, येझदी, नाहीतर साधी राजदूत. राजदूतच्या पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मिसळावं लागे. पंपावरून निघताना माणसं गाडी डावी-उजवीकडे हलवून टाकी घुसळत. या नव्या गाडीला ऑइलची टाकी वेगळी होती आणि हँडलची मूठ पिळाल तसा पंप आपोआप मोजून ऑइल सोडायचा. ही युक्ती यामाहाने 1964 मध्येच गाड्यांवर बसवली होती. आपल्यापर्यंत पोचायला तिला वीस वर्षं लागली.

आकडे बघितले तर आरएक्समध्ये भुलण्यासारखं काही नव्हतं. 98 सीसी, अकरा अश्वशक्ती. पण वजन शंभर किलोच्या आसपास. मामा सांगायचा, की तालुक्याच्या शाळेतले एक मास्तर बायको आणि दोन मुलं घेऊन आंबा घाट चढले आणि वर पोचल्यावर म्हणाले, गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. ही गोष्ट दर दिवाळीला थोडी वाढायची. कधी मुलं तीन व्हायची, कधी पाऊस लागायचा. गाडी तीच राहायची. सुरुवातीच्या काळात गाडीचे भाग जपानहून पेटाऱ्यांत भरून येत आणि इथे जोडले जात. त्या पहिल्या गाड्यांवरच्या जपानी खुणा मामाला पाठ होत्या. आज त्या खुणा शोधत पोरं गावोगावच्या गोठ्यांत आणि पडव्यांत फिरतात, आणि सापडली की वाटेल ती किंमत देतात.

राजदूत 350 ची गोष्ट मामा वेगळ्या आवाजात सांगायचा. मूळ गाडी यामाहाची आरडी 350, जपानात 1973 मध्ये आलेली. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि एकोणचाळीस अश्वशक्ती. त्या काळी जगातल्या कितीतरी मोठ्या गाड्यांना ती मागे टाकत असे. आपल्याकडे राजदूतवाल्या एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये आणली, पण जपान-अमेरिकेत होती तशी नव्हे. पुढची डिस्क काढून ड्रम ब्रेक बसवला आणि ॲव्हरेजसाठी इंजिन मवाळ केलं. पहिल्या भारतीय गाडीची ताकद तिशीच्या आसपास राहिली. पुढे आणखी मवाळ केलेली दुसरी काढली. पहिलीला 'हाय टॉर्क', दुसरीला 'लो टॉर्क' म्हणतात. हा नुसता शब्दांचा फरक नाही, असं मामा बजावायचा. पहिली गाडी चार हजार फेऱ्यांच्या पुढे अंगात आल्यासारखी सुटायची आणि ड्रम ब्रेक तिला आवरायला अपुरे पडायचे. हळद बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने ती घेतली, सहा महिने गावभर मिरवली, आणि पेट्रोलचा हिशेब बापाच्या वहीत चढू लागल्यावर विकली. लिटरला वीस-पंचवीस. त्या काळच्या घराला ते झेपणारं नव्हतं. गाडी दशकभरही टिकली नाही. मला वाटतं आपण तिच्यावर अन्याय केला. पण त्या बापाची चूक होती असंही मला म्हणवत नाही.

याच गाड्यांच्या पोटात मामाने मला एकदा जी गोष्ट दाखवली ती मी विसरलेलो नाही. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये हाताच्या मुठीत मावेल एवढा एक ठोकळा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर, आणि छपरावर पोलादाच्या पातळ पत्त्या बसवलेल्या. इंजिनने हवा ओढली की पत्त्या वाकून उघडतात. हवा उलटी फिरायला लागली की फटकन मिटतात. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपांचा वेगळा कारभार नसतो, त्यामुळे कमी वेगात पेट्रोल-हवेचं मिश्रण परत कार्बुरेटरकडे थुंकलं जायचं. या पत्त्यांनी ते थांबवलं. म्हणून आरडी आणि आरएक्स खालच्या वेगालाही दमदार ओढायच्या. मामाने तो ठोकळा पेट्रोलमध्ये धुतला, पुसला आणि बल्बसमोर धरला. "फटीतनं उजेड दिसतोय का बघ." एका पत्तीच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ दिसली. "म्हणून पहाटे किक मारावी लागते दहा वेळा."

आजोबा फळीवरून उठले, ठोकळा हातात घेतला आणि नखाने पत्ती हलकेच उचलून सोडली. टिक् असा आवाज आला. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. पेटीची रीड अशीच पितळेची पातळ पत्ती असते, एका टोकाला घट्ट बसवलेली आणि हवेच्या दाबावर हलणारी. शेंड्याला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. आजोबांनी आयुष्यभर ते घासकाम केलं होतं. ते मामाला म्हणाले, "ही घासू नकोस. बदल." मामाने बदलली.

मधला काळ मामाच्या गोष्टींत नव्हता. तो मी पुढे भरून काढला. आरडीच्या मागे शर्यतींचा मोठा पट आहे. 1963 मध्ये फुमिओ इतोने बेल्जियममध्ये यामाहाला पहिली ग्रां प्री जिंकून दिली आणि पुढच्याच वर्षी फिल रीडने 250 सीसी गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. 500 सीसीचं विजेतेपद तोवर फोर-स्ट्रोकवाल्यांची मिरास होती. 1975 मध्ये इटलीच्या जाकोमो अगोस्तिनीने ते यामाहाच्या टू-स्ट्रोकवर जिंकलं, आणि ते टू-स्ट्रोकचं त्या गटातलं पहिलं विजेतेपद. मग 1978 ते 1980 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स. रस्ता सोडून मातीत जाणाऱ्यांसाठी 1968 ची डीटी-1 होती, वाळवंटासाठी एक्सटी 500. पॅरिस-डकारची पहिली शर्यत 1979 मध्ये सिरिल नव्हूने त्याच एक्सटी 500 वर जिंकली. एकच सिलिंडर, साधं इंजिन, वाटेत कुणीही उघडून दुरुस्त करावं असं. मामाला ही गाडी चित्रात दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हिच्यात बिघडण्यासारखं काही ठेवलंच नाही."

या सगळ्या गाड्यांचा स्वभाव एकच दिसतो. मोठं करायचं नाही. लहान आणि हलक्या वस्तूतून जास्तीत जास्त काढायचं. हा स्वभाव सुटला तेव्हा कंपनी अडचणीत आली. 1981 च्या सुमारास यामाहाचे अध्यक्ष हिसाओ कोइके यांनी होंडाला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळवायचा निर्धार जाहीर केला आणि उत्पादन वाढवायला नवा कारखाना काढला. होंडाने ते आव्हान घेतलं. दीड वर्षाच्या आत शंभरावर नवी मॉडेलं बाजारात ओतली, किमती पाडल्या. यामाहाच्या गाड्या गोदामांत साचल्या. 1983 मध्ये यामाहाने हार कबूल केली, कोइके पायउतार झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, 1985 मध्ये, यामाहाने एफझेड 750 आणली, दर सिलिंडरला पाच झडपांची. भल्यामोठ्या ताकदीची व्ही-मॅक्सही त्याच वर्षीची. आणि त्याच वर्षी आपल्याकडे आलेली, त्या दोघींसमोर चिमुकली वाटणारी आरएक्स 100. मला त्यातली तिसरीच सगळ्यांत यामाहाची वाटते.

आता ती तांबडी गाडी. वायए-1. 'आका-तोम्बो' म्हणायचे तिला, लाल चतुर. दुसऱ्या महायुद्धात निप्पोन गाक्की ही वाद्यं बनवणारी कंपनी विमानांचे पंखे बनवत होती. युद्ध संपलं आणि त्या कामाची यंत्रं नुसती पडून राहिली. 1953 मध्ये तिचे अध्यक्ष गेनिची कावाकामी यांनी त्या यंत्रांवर मोटारसायकल करायचं ठरवलं. जपानात तेव्हा शंभराहून अधिक कंपन्या मोटारसायकली काढत होत्या. हामामात्सूच्या आसपासच कितीतरी. उशिरा आलेल्या गड्याने निभावायचं तर गाडी चोख हवी. जर्मन डीकेडब्ल्यूच्या 125 सीसी गाडीवरून नमुना घेतला आणि तो तयार झाल्यावर दहा हजार किलोमीटर चालवून बघितला. बहुतेक गाड्या काळ्या असत, हिला लालसर तपकिरी आणि फिकट पिवळसर रंग दिला. किंमत 1,38,000 येन. पदवीधराच्या पहिल्या पगारापुढे ती डोळे पांढरे करणारी होती. 1 जुलै 1955 ला यामाहा मोटर ही वेगळी कंपनी निघाली आणि त्याच महिन्यात फुजी पर्वताच्या चढणीच्या शर्यतीत 125 सीसी गटात ही नवखी गाडी पहिली आली. नोव्हेंबरात आसामा पठारावरची शर्यतही तिने मारली. शर्यतीत सिद्ध करायचं आणि मग विकायचं, ही खोड पहिल्याच वर्षापासूनची.

आणि शेवटी तो ऑर्गन. साल 1887. हामामात्सूच्या प्राथमिक शाळेतला अमेरिकन बनावटीचा रीड ऑर्गन बिघडला. घड्याळं आणि वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तोराकुसू यामाहाला बोलावलं. त्याने तो उघडला, बिघाड काढला, आणि आतली रचना बघून ठरवलं की असा आपणही बनवू. बनवलाही. पण चांगला की वाईट हे सांगणारं माणूस तोक्योला. मग त्याने आणि त्याचा सोबती कावाई यांनी ऑर्गन कावडीला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचे डोंगर पायी ओलांडले. अडीचशे किलोमीटर. तिथल्या संगीतसंस्थेत निकाल मिळाला: घडण ठीक, सुरात नाही. तोराकुसू तिथेच महिनाभर राहून सूर लावायचं शास्त्र शिकला, परत आला, दुसरा ऑर्गन केला. तो पसंत पडला. त्यातूनच पुढे निप्पोन गाक्की उभी राहिली. यामाहाच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत ते त्या वंशाचे.

हे मी वाचलं तेव्हा आजोबा नव्हते. मामाला सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "म्हणजे हा आप्पांच्या धंद्यातला माणूस." मग जरा थांबून, "महिनाभर शिकायला थांबला, हे मला आवडलं. आपले लोक म्हणाले असते, तोक्योवाल्यांना कान नाही."

आरएक्स 100 थांबली 1996 मध्ये. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि टू-स्ट्रोकचा दोष तिच्या रचनेतच होता: जळलेला धूर बाहेर जाताना बरोबर न जळलेलं पेट्रोलही थोडं निघून जातं, आणि ऑइल तर मुळातच जाळायचं. मामाने त्याबद्दल कधी गळा काढला नाही. भट्टीत सायलेन्सर तापवून आतला कार्बन जाळायचं काम त्याने पंचवीस वर्षं केलं होतं. त्या धुराने त्याचा खोकला कायमचा झाला. "गाडी चांगली होती, धूर चांगला नव्हता," एवढंच म्हणायचा.

2008 मध्ये यामाहाने आपल्याकडे आर 15 आणली, 150 सीसीची, पाण्याने थंड होणारी, चार झडपांची, सहा गिअरची. मामेभावाने घेतली. मामा आधी तिच्याकडे बघेना. एके दिवशी खाली वाकून चौकट न्याहाळली: हँडलच्या मुळापासून मागच्या स्विंगआर्मच्या खिळीपर्यंत सरळ गेलेल्या दोन जाड पट्ट्या. मग किल्ली मागितली आणि मिरजेपर्यंत जाऊन आला. "वळणात रेघ सोडत नाही," तो म्हणाला. "दीडशे सीसीत सतरा घोडे आणि वजन कमी. परत ताळ्यावर आलेत." मग झडपांचं क्लिअरन्स किती ठेवायचं ते विचारलं, आणि फिलर गेज आणायला पोराला आत पिटाळलं.