लाल आणि काळ्याची अदलाबदल

फेब्रुवारी २०१६. गूगलमधील अभियंते बेन्सन ल्युंग बाजारातल्या यूएसबी-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासत आणि निष्कर्ष अ‍ॅमेझॉनवर ग्राहक म्हणून नोंदवीत. त्या महिन्यात एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची दोन उपकरणे निकामी केली. कारण अगदी साधे निघाले. वीज नेणारी तार ग्राउंडच्या टोकाला आणि ग्राउंडची तार विजेच्या टोकाला जोडलेली होती.

असे होऊ नये म्हणूनच तर तारांना रंग दिले गेले होते. जानेवारी १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांसह सात कंपन्यांनी यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. कीबोर्ड, प्रिंटर, मोडेम यांच्या निरनिराळ्या खाचांऐवजी एकच खाच आणि केबलमध्ये फक्त चार तारा, अशी ही योजना. लाल तारेत पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी माहितीसाठी. प्लगमधल्या विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब ठेवल्या, म्हणजे उपकरणाला आधी वीज मिळते आणि मग संभाषण सुरू होते.

पांढऱ्या-हिरव्या तारांना पीळ असतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या १८८१ च्या टेलिफोन-पेटंटइतकी जुनी आहे. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक-यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचते आणि गोंगाट वजा होतो.

तुटलेली केबल सांधणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो. पांढरी-हिरवी उलटली तर उपकरण ओळखले जात नाही, एवढेच. लाल-काळी उलटली तर ते जळू शकते. नुसत्या चार्जिंगच्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. आणि स्वस्त केबलमध्ये रंगांचा करार सर्रास मोडलेला आढळतो. म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या पट्टीवर आणि दुसरे सोललेल्या तारेवर टेकवावे. बीप वाजली की ओळख पटली. नवी तार घालताना लाल-काळी जाड घ्यावी, कारण बारीक तारेत वाटेतच व्होल्टेज गळते आणि फोन रेंगाळत चार्ज होतो. माहितीच्या जोडीचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत राखावा. प्रत्येक जोडावर वेगळे आवरण चढवावे.

हे सारे चार तारांच्या जुन्या केबलपुरते. यूएसबी-सीच्या खाचेत चोवीस टोके असतात आणि केबलच्या आत रोधकही असू शकतो. ती केबल सांधण्यापेक्षा बदललेली बरी. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या यूएसबी-सी केबलच्या विक्रीस मनाई केली. घरी सांधलेल्या केबलची तपासणी मात्र सांधणाऱ्यानेच करायची असते: लाल-काळ्यात शॉर्ट नाही याची मीटरने खात्री, आणि पहिली जोडणी संगणकाला नव्हे, एखाद्या जुन्या चार्जरला.