हायस्कूल कोणाचे?

वसईच्या किल्ल्यात शिरणाऱ्या प्रवाशाला पडक्या भिंती, वेलींनी वेढलेल्या कमानी आणि छपरे गेलेली प्रार्थनामंदिरे दिसतात आणि प्रथम आठवण होते ती चिमाजी आप्पांच्या पराक्रमाची. हे योग्यच आहे. परंतु याच भिंतींच्या आड एके काळी विद्येचेही एक ठाणे होते, याचे स्मरण फारसे कोणास राहिलेले नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढे १५४९ च्या सुमारास जेझुइट पाद्र्यांनी तेथे आपले विद्यालय स्थापिले. वसईतच जन्मलेले आणि १८६२ साली संतपदास पोहोचलेले गोन्सालो गार्सिया यांचे बाळपण याच पाद्र्यांच्या सहवासात गेले. १७३९ च्या मे महिन्यात किल्ल्यावरील निशाण उतरले आणि त्या निशाणाच्या आश्रयाने उभे असलेले हे विद्यालयही इतिहासजमा झाले. शाळा राजाने आणलेली असेल तर राजाबरोबर तिचेही आसन डळमळते. मग जी शाळा राज्ये बदलली तरी टिकावी असे वाटते, ती उभारावी कोणी, आणि उभारल्यावर ती मानावी कोणाची? गेल्या दोनशे वर्षांतील मराठी मुलखाच्या शिक्षणाचा इतिहास पुष्कळ अंशी याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

लोकवर्गणीतून उच्च शिक्षणाची सोय करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. १८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशी परत निघाले, तेव्हा येथील सरदार, व्यापारी व सावकार मंडळींनी त्यांच्या नावाने दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. तो केवळ पुतळ्यावर किंवा मानपत्रावर न खर्चता पाश्चात्त्य भाषा व शास्त्रे शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी ठेवावा, असे ठरले. यात दूरदृष्टी होती, यात शंका नाही. तथापि ती दूरदृष्टी श्रीमंतांची होती. ज्यांनी वर्गणी दिली त्यांत नांगरधारी कुणबी नव्हता, आणि त्या संस्थेच्या वर्गात त्याचा मुलगा बसेल, असा विचारही त्या काळी कोणाच्या मनात आला असेल असे दिसत नाही.

१८५४ साली सर चार्लस वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्याने सरकारी अनुदानाची पद्धत घालून दिली. शाळेची व्यवस्था पाहण्यास स्थानिक मंडळी पुढे आली पाहिजेत आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली गेली पाहिजे, अशा त्यातील प्रमुख अटी होत्या. १८८२ च्या हंटर कमिशनने आणखी एक पाऊल पुढे टाकले. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, जरूर तेथे जिल्ह्यास एखादे नमुनेदार हायस्कूल ठेवावे आणि बाकीचे काम लोकांच्या उद्योगावर सोपवावे, असा त्याच्या शिफारशींचा रोख होता. याच कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. सरकारच्या तिजोरीतील पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. अर्थात एकीकडे सरकार सांगत होते की हायस्कूल लोकांनी काढावे. दुसरीकडे फुले विचारीत होते की, लोक म्हणजे कोण? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे बरीच वर्षे लागली.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर पाहण्यासारखे आहे. १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली आणि वसई व विरारकडील गावांना शहराचे दार उघडले. परंतु गाडीचे भाडे आणि शाळेची फी ज्याला झेपेल त्यालाच ते दार उपयोगी होते. विरारच्या पुढे तर तेवढीही सोय नव्हती. अशा स्थितीत विद्यार्थ्याला शहरात नेण्याऐवजी हायस्कूलच खेड्यात नेण्याचा मार्ग काही ध्येयवादी शिक्षकांनी पत्करला. नामदार गोखले यांच्या स्मरणार्थ १९१८ साली मुंबईत गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. तिने १९२० साली घोलवड स्टेशनाजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी हायस्कूल काढले. त्या हायस्कुलाला सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हे एका पारशी बाईंचे नाव आहे. ते चालविणारी संस्था मुंबईची. आणि त्याला आकार दिला तो आचार्य भिसे व चित्रे गुरुजी यांच्यासारख्या, तेथेच मुक्काम ठोकून राहिलेल्या शिक्षकांनी. देणगी एकाची, व्यवस्था दुसऱ्याची, मुले गावोगावची आणि श्रम शिक्षकांचे, असा हा मेळ होता.

अशा मेळाचे फळ केवळ परीक्षेच्या निकालांत मोजता येत नाही. जेथे एक चांगले हायस्कूल रुजते तेथे शिक्षणाची इतर कामेही आश्रयास येतात. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले ते बोर्डीतच. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पाड्यांजवळ गेले. हायस्कुलाची पायरी चढू न शकणाऱ्या मुलाकडे शाळेनेच चालत जावे, हा विचार या किनाऱ्यावर वाढीस लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि फुल्यांच्या प्रश्नाला सर्वांत सडेतोड उत्तर मिळाले ते किनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्यापलीकडे सातारा जिल्ह्यात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे.

परंतु या संस्थेचे खरे बळ एका घराच्या त्यागात नव्हते. ते अनेक घरांच्या मुठीत होते. दळण दळताना घरच्या बाईने धान्याची एक मूठ शाळेसाठी बाजूला ठेवावी, अशी ती योजना. हिशेबाने पाहता मूठभर जोंधळ्याची किंमत ती काय? पण जिने ती मूठ ठेवली तिचा त्या शाळेवर हक्क निर्माण झाला. एल्फिन्स्टन साहेबांच्या निधीत सावकाराची हजाराची रक्कम होती. येथे मात्र मोलकरणीचीही मूठ होती. गाव जागा देई, देऊळ किंवा चावडी वर्गासाठी मोकळी करी, दगडमाती वाही. आणि शिकविणारा शिक्षक संस्थेच्या स्वतःच्या अध्यापन विद्यालयातून तयार होऊन येई. १९३८ नंतरच्या काळात अशा तऱ्हेने पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. मग १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल निघाले. फी घेतलीच पाहिजे, हे १८५४ चे सूत्र येथे उलटे झाले. फीऐवजी विद्यार्थ्याने शेतात व बांधकामावर काम करावे आणि शिकावे, असा नवा पायंडा पडला.

या पद्धतीची कसोटी १९४८ साली लागली. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास त्यांच्या सडेतोड टीकेमुळे मुंबई सरकारची त्यांच्यावर नाराजी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबविले गेले. स्वराज्यातील सरकारही रुसू शकते, हा अनुभव कडू होता. केवळ अनुदानावर जगणारी संस्था असती तर ती तेथेच कोलमडली असती. परंतु गावांनी तिला उचलून धरले, जनमत खवळले आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. आज या संस्थेची चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत, आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह कोणाला अवास्तव वाटत नाही.

आता पुन्हा वसईकडे वळले पाहिजे. केळीच्या बागा, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा हा प्रदेश पाहता पाहता महानगर झाला. २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली आणि २०१४ साली हा तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. जेथे एवढी वस्ती वाढते तेथे नवे हायस्कूल ही चैन नसून गरज असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. परंतु तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता आहे. हायस्कुलाची शेवटची वर्षे त्याच्या बाहेर राहतात, आणि गरिबाच्या मुलाची शाळा बहुधा सुटते ती याच वर्षांत.

म्हणून नव्या हायस्कुलाचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वीच काही प्रश्न वस्तीला विचारले गेले पाहिजेत. शाळा कोणत्या बाजूस असावी, म्हणजे पूर्वेकडच्या पाड्यावरील वारल्याची मुलगी पायी पोहोचेल? वेळ कोणती ठेवावी, म्हणजे कोळिणीच्या मुलाला पहाटेचे काम उरकून येता येईल? परमुलखातून पोटासाठी आलेल्या कुटुंबाच्या मुलाला कोणत्या भाषेत आधार द्यावा? या प्रश्नांची उत्तरे कचेरीत मिळत नाहीत; ती ज्याच्या त्याच्या दारात जाऊनच मिळतात. कर वसूल करणाऱ्या संस्थेने बांधकामाचा खर्च उचलावा, हे रास्तच आहे आणि तो तिचा धर्मच आहे. लोकांनी मूठ द्यावी ती सरकारचा भार हलका करण्यासाठी नव्हे, तर शाळेवर आपला शब्द चालावा म्हणून.

किल्ल्यातील विद्यालयाच्या भिंती जाड होत्या. साताऱ्याच्या पहिल्या वर्गांना कित्येक ठिकाणी भिंतीच नव्हत्या. काळाच्या ओघात टिकले कोणते, हे उघड आहे.